गेज सिद्धांतात थर्मलायझेशन टळतं ते नेमकं कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅटिसवरच्या (बिंदूंच्या जाळीवरच्या) गेज सिद्धांतात, म्हणजे विद्युतचुंबकत्वासारख्या बलांच्या सिद्धांतात, प्रत्येक बिंदूला गाउसचा नियम (तिथला प्रभार आणि भोवतीचं क्षेत्र यांचा मेळ) लागू असतो, म्हणजे जितके बिंदू तितक्या अक्षय्य, काळाबरोबर न बदलणाऱ्या राशी. इतक्या राशी जागच्या हलतच नसतील तर प्रणाली औष्णिक समतोलाला पोचली नाही यात नवल काय? मग 'क्वांटम स्कार', 'डिसऑर्डरविना लोकलायझेशन' (पदार्थात अव्यवस्था नसतानाही कण जागी अडकणं) अशी वेगवेगळी नावं कशाला?

शंका रास्त आहे, आणि या विषयात नव्यानं शिरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ती येते. उत्तर मात्र तुम्ही सुरुवातीची स्थिती कोणती घेता आणि गाउसच्या नियमाच्या किती सेक्टरांत (अक्षय्य राशींची मूल्यं ठरलेल्या स्थितींच्या गटांत) वावरता यावर अवलंबून आहे. एका प्रकारात तुमचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. दुसऱ्यात, म्हणजे स्कारच्या बाबतीत, ते लागू होत नाही. मी बरीच वर्षं अशा प्रणालींचं संगणकावर डायगोनलायझेशन (ऊर्जापातळ्या काढण्याची आकडेमोड) करतो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच अंगानं देतो.

आधी थर्मलायझेशन म्हणजे काय ते पक्कं करू. जगापासून तोडलेली क्वांटम प्रणाली पूर्णार्थानं काहीच विसरत नाही. युनिटरी उत्क्रांती कधीही उलटी फिरवता येते. आपण विचारतो ते एवढंच, की दोन-चार शेजारी बिंदूंवरचं मोजमाप काही काळानं फक्त ऊर्जेवर (आणि इतर अक्षय्य राशींवर) ठरतं का, की सुरुवात कुठून केली याची आठवण त्यात उरते? डॉइच यांनी १९९१ मध्ये आणि स्रेडनिकी यांनी १९९४ मध्ये मांडलेली कल्पना, जिला सगळे ईटीएच (आयगनस्टेट थर्मलायझेशन हायपोथेसिस) म्हणतात, ती सांगते की स्पेक्ट्रमच्या (ऊर्जापातळ्यांच्या मालिकेच्या) मध्यावरची प्रत्येक आयगनस्टेट (ठरलेल्या ऊर्जेची स्थिती) स्थानिक पातळीवर स्वतःच औष्णिक दिसते. रिगोल, दुन्को आणि ओल्शानी यांनी २००८ मध्ये ते आकडेमोडीनं दाखवलं आणि तिथून या विषयाला वेग आला.

आता सममिती. ईटीएच नेहमी एका सममिती-सेक्टरच्या आत तपासायचं असतं. अक्षय्य राशी असणं म्हणजे ईटीएच मोडणं नव्हे. मोठ्या वाड्यात शंभर खोल्या आहेत असं धरा. एका खोलीत लावलेल्या उदबत्तीचा वास भिंतीपलीकडे गेला नाही, तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दारंखिडक्या नसलेल्या त्याच एका खोलीत वास पसरतो, विरतो आणि थोड्या वेळानं पुन्हा उदबत्तीपाशी गोळा होतो, असं कुणी सांगितलं तर आपण कान टवकारू. स्कार हा दुसरा प्रकार आहे. गाउसचा नियम भिंती घालतो. खोलीच्या आत काय होतं हे तो थेट ठरवत नाही.

गेज सिद्धांत आपल्या सेक्टरात साधारणपणे थर्मलाइझ होतात, हेही लक्षात ठेवा. चीनमधल्या हफेई इथल्या गटानं जर्मनी-इटलीतल्या सैद्धांतिक सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये ७१ बिंदूंच्या ऑप्टिकल लॅटिसवर गेज इन्व्हेरियन्स दाखवला, आणि २०२२ मध्ये त्याच प्रकारच्या यंत्रणेवर वेगवेगळ्या पण समान ऊर्जेच्या स्थितींतून सुरुवात करून त्या एकाच समतोलाला येतात हे मोजलं. गाउसचा नियम पाळला जात होता आणि थर्मलायझेशनही झालं. तुमच्या मूळ तर्काला हा प्रयोगच उत्तर आहे.

मग स्कार कुठून आले? याची गोष्ट गेज सिद्धांतातून सुरू झालीच नाही. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटानं ५१ रुबिडियम अणू एका ओळीत धरले आणि लेझरनं त्यांना रिडबर्ग स्थितीत (खूप वरच्या ऊर्जेच्या उत्तेजित स्थितीत) न्यायला सुरुवात केली. रिडबर्ग अणू एकमेकांना इतके ढकलतात की लगतचे दोन अणू एकाच वेळी उत्तेजित होऊ शकत नाहीत. सगळे अणू मूळ स्थितीत ठेवून सुरुवात केली तर अशी साखळी झटकन समतोलाला येते. एकाआड एक अणू उत्तेजित ठेवला तर मात्र ती दोलायमान राहते: हा नमुना विरतो, मग त्याच्या उलट नमुना दिसतो, मग पुन्हा पहिला. पुढच्याच वर्षी टर्नर, मिखाइलिडिस, अबानिन, सर्बिन आणि पापिच यांनी त्याचा अर्थ लावला. स्पेक्ट्रममध्ये काही मोजक्या आयगनस्टेट्स बाकीच्यांसारख्या नाहीत. त्यांची एन्टँगलमेंट (भागांमधली क्वांटम गुंफण) कमी आहे, ऊर्जेतली अंतरं जवळपास सारखी आहेत, आणि एकाआड-एक नमुन्याशी त्यांचा ओव्हरलॅप (मिळतेजुळतेपणा) मोठा आहे. हेलर यांनी १९८४ मध्ये केऑटिक बिलियर्डमधल्या एका कणाच्या बाबतीत 'स्कार' हा शब्द वापरला होता, तोच इथे आला.

या मॉडेलचं नाव पीएक्सपी. मधलं एक्स म्हणजे स्पिन उलटवणं, दोन्हीकडचे पी म्हणजे 'शेजारी उत्तेजित नसेल तरच' ही अट.

आता मुद्दा असा, की हे पीएक्सपी मॉडेलच एक गेज सिद्धांत आहे. सुराचे, मात्सा, जुदिची, लेरोझे, गाम्बास्सी आणि दालमोंते यांनी २०२० मध्ये हे दाखवलं, आणि ही मांडणी एकदा स्वतःच्या हातानं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका मितीतलं क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स घ्या, म्हणजे श्विंगर मॉडेल. विद्युत क्षेत्राला प्रत्येक लिंकवर (दोन बिंदूंमधल्या दुव्यावर) फक्त +१/२ किंवा −१/२ एवढीच मुभा द्या. सम बिंदूंवर प्रभार ० किंवा −१, विषम बिंदूंवर ० किंवा +१. गाउसचा नियम सांगतो की उजवीकडचं क्षेत्र वजा डावीकडचं क्षेत्र म्हणजे त्या बिंदूवरचा प्रभार. मग सम बिंदूवर क्षेत्र −१/२ वरून +१/२ वर उडी मारू शकत नाही, आणि विषम बिंदूवर उलट उडी चालत नाही. प्रत्येक बिंदूवर चार शक्यतांपैकी तीन उरतात. आता एकाआड एक लिंकवर 'उत्तेजित' या खुणेचा अर्थ उलटा करा. सम बिंदूच्या डावीकडची लिंक क्षेत्र ऋण असताना उत्तेजित, उजवीकडची धन असताना. वगळलेली चौथी शक्यता दोन्ही जातींच्या बिंदूंवर 'दोन शेजारी उत्तेजित' हीच निघते. गाउसचा नियम आणि रिडबर्ग ब्लॉकेड ही एकच अट झाली.

एका मितीत क्षेत्र कळलं की प्रभार आपोआप कळतो, म्हणून द्रव्याचे स्पिन वेगळे ठेवायची गरज नाही. सगळे अणू मूळ स्थितीत म्हणजे प्रत्येक बिंदूवर प्रभार, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांनी खचाखच भरलेली साखळी. एकाआड एक उत्तेजित म्हणजे प्रभार कुठेच नाही आणि सगळीकडे एकाच दिशेचं विद्युत क्षेत्र. हार्वर्डच्या प्रयोगातली दोलनं या भाषेत अशी दिसतात: एका दिशेचं क्षेत्र जोड्या निर्माण करतं, जोड्या क्षेत्र उलटवतात, नष्ट होतात, आणि आता क्षेत्र विरुद्ध दिशेला. मग परतीचा प्रवास.

तुमच्या शंकेचा निकाल इथेच लागतो. पीएक्सपी लिहिताना गाउसचा नियम आधीच लावून झालेला आहे आणि आपण एकाच सेक्टरात आहोत. ५१ अणूंच्या मोकळ्या साखळीत एरवी सुमारे साडेबावीस कोटी कोटी स्थिती असत्या. अटीनंतर उरतात ५,३३१ कोटींच्या आसपास (हा फिबोनाची अंक आहे, स्वतः मोजून पाहा). खोली लहान झाली, पण अजून अफाट आहे आणि घातांकी गतीनंच वाढते. उरलेल्या सममिती काढल्यावर ऊर्जापातळ्यांमधली अंतरं विग्नर-डायसन वितरणाकडे झुकतात, म्हणजे प्रणाली केऑटिक आहे. तरीही त्या अफाट गर्दीत साखळीच्या लांबीइतक्याच, लांबी अधिक एक एवढ्या, आयगनस्टेट्स वेगळ्या वागतात. गाउसच्या नियमातून थेट हे निघत नाही.

मग का होतं? प्रामाणिक उत्तर असं, की पीएक्सपीपुरतं आपल्याला चांगलं चित्र आहे, पण ते 'जवळपास' या शब्दावर उभं आहे. हॅमिल्टोनियनचे (प्रणालीच्या ऊर्जेच्या ऑपरेटरचे) दोन भाग पाडता येतात: एक एकाआड-एक नमुन्यापासून दूर नेणारा, दुसरा परत आणणारा. हे दोन भाग मोठ्या स्पिनच्या चढ-उताराच्या ऑपरेटरांसारखे, म्हणजे एसयू(२) बीजगणित जवळपास पाळत वागतात. मोठा स्पिन चुंबकीय क्षेत्रात फिरतो तशी सगळी साखळी हिल्बर्ट अवकाशाच्या (सगळ्या शक्य स्थितींच्या अवकाशाच्या) एका छोट्या उपभागात फिरते आणि उरलेल्या गर्दीत फार हळू गळते. चोई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हॅमिल्टोनियनला छोटी पदं जोडून ही गळती जवळजवळ बंद करून दाखवली. दुसरी काही पदं जोडली तर तीच दोलनं झपाट्यानं मरतात. म्हणून 'पीएक्सपीमध्ये स्कार आहेत' हे वाक्य मी नेहमी 'मर्यादित काळापुरते आणि या आकारापर्यंत' अशी पुस्ती जोडून वाचतो.

गेज सिद्धांताचा वाटा इथे अप्रत्यक्ष आहे. अट कडक असल्यामुळे स्पिन मनाला येईल तसे उलटत नाहीत, आणि त्यामुळे काही वाटा इतर वाटांपासून अलग पडतात. अट ही भूमी तयार करते. पीक येईलच याची हमी देत नाही.

ज्यात तुमचा तर्क बरोबर ठरतो तो प्रकार वेगळा आहे. स्मिथ, नोल, कोव्रिझिन आणि मोस्नर यांनी २०१७ मध्ये एक साधं मॉडेल मांडलं: एका मितीत फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण), आणि बिंदूंमधल्या बंधांवर स्पिन. प्रत्येक बिंदूवर +१ किंवा −१ अशी एक अक्षय्य राशी निघते, गाउसच्या नियमासारखीच. हॅमिल्टोनियनमध्ये डिसऑर्डर कुठेच नाही. पण सुरुवातीला सगळे स्पिन एका दिशेला ठेवले, तर ती स्थिती या अक्षय्य राशींच्या सगळ्याच मांडण्यांची सुपरपोझिशन असते. प्रत्येक मांडणीत फर्मिऑनना +/− असा वेडावाकडा स्थिर पोटेन्शियल दिसतो, आणि एका मितीत मुक्त फर्मिऑन अशा पोटेन्शियलमध्ये अँडरसन यांच्या १९५८ च्या निष्कर्षाप्रमाणे जागच्या जागी अडकतात. मोजमाप म्हणजे या सगळ्या मांडण्यांची सरासरी. बाहेरून पाहणाऱ्याला एकसारख्या साखळीत फर्मिऑनचा मूळ नमुना पुसला गेलेला दिसत नाही. ब्रेनेस, दालमोंते, हाइल आणि स्कार्डिकियो यांनी २०१८ मध्ये हीच कल्पना लॅटिसवरच्या श्विंगर मॉडेलवर, म्हणजे प्रभारांमधल्या परस्परक्रियेसकट, चालवून पाहिली.

यातली ग्यानबाची मेख अशी, की हे घडायला अनेक सेक्टरांची सुपरपोझिशन लागते. निसर्गातलं इलेक्ट्रोडायनॅमिक्स गाउसच्या नियमाच्या एकाच सेक्टरात चालतं, त्यामुळे ही पळवाट तिथे उघडी नाही. सिम्युलेटरवर मात्र तुम्ही हवी ती सुरुवात करू शकता. परस्परक्रिया नसलेल्या मॉडेलमध्ये लोकलायझेशन निर्विवाद आहे. परस्परक्रिया आल्या की मेनी-बॉडी लोकलायझेशन (अशा अनेक कणांचं एकत्र अडकणं) अनंत काळ टिकतं का, हा वेगळा आणि अजून न मिटलेला वाद आहे.

इथवरचं आटोपशीर सांगायचं तर: एका सेक्टरात राहून, मोजक्या आयगनस्टेट्समुळे, ठरावीक सुरुवातीच्याच स्थितींना दिसणारी दोलनं म्हणजे स्कार, अनेक सेक्टरांच्या मिश्रणामुळे दिसणारी अडकलेली स्मृती म्हणजे डिसऑर्डरविना लोकलायझेशन. दुसऱ्यात गाउसचा नियम मुख्य पात्र आहे, पहिल्यात तो रंगमंच आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण तीच सगळ्यांत जास्त फसवते: कन्फाइनमेंट (प्रभार एकमेकांना बांधलेले राहणं). एका मितीत दोन विरुद्ध प्रभार दूर नेले की मधल्या विद्युत क्षेत्राची ऊर्जा अंतराच्या प्रमाणात वाढते. कण जड असतील तर मधली तार तोडणारी जोडी निर्माण करायला मोठी ऊर्जा लागते आणि ती प्रक्रिया कमालीची मंद होते. कोर्मोस, कोल्लुरा, टाकाच आणि कालाब्रेसे यांनी २०१७ मध्ये आयझिंग साखळीत असंच दाखवलं. कन्फाइनमेंटमुळे माहितीचा प्रसारच दबला. संगणकावर हे अगदी स्कारसारखं दिसतं: दोलनं आहेत, एन्टँगलमेंट हळू वाढते आहे. पण मंद असणं आणि कधीच न पोचणं यांत फरक आहे. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत 'आम्हाला स्कार सापडले' असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात फक्त वस्तुमान मोठं घेतलेलं, हा प्रकार दुर्मीळ नाही.

दोन मितींकडे वळलं की चित्र पुन्हा बदलतं, कारण तिथे प्रभार कळले तरी क्षेत्र पूर्ण ठरत नाही आणि चुंबकीय प्लाकेट (जाळीच्या एका चौकटीवरचं) पदही येतं. इथलं मला सर्वांत आवडणारं काम तेव्हा कोलकात्यात असलेल्या देबाशिष बॅनर्जी आणि अर्णब सेन यांचं आहे, २०२१ मधलं. त्यांनी यू(१) (विद्युतचुंबकत्वाच्या धर्तीचा) गेज सिद्धांत शिडीच्या आकाराच्या लॅटिसवर घेतला. नुसतं गतिज पद ठेवलं तर सममितीच्या कारणांनी शून्य ऊर्जेवर प्रचंड संख्येनं आयगनस्टेट्स जमतात, आकाराबरोबर घातांकी वाढणाऱ्या. एवढ्या सारख्या ऊर्जेच्या स्थितींतून हवी ती जुळणी करता येते. पोटेन्शियल पद चालू केलं की यांतल्या काही खास जुळण्या दोन्ही पदांच्या एकाच वेळी आयगनस्टेट्स बनून टिकून राहतात, बाकीच्या गर्दीत विरघळतात. टिकलेल्या त्या स्कार. इथे पीएक्सपीसारखं फिरणाऱ्या स्पिनचं चित्र लागत नाही. यंत्रणा निराळी आहे. म्हणून 'गेज सिद्धांतातल्या स्कारचं कारण' असं एकवचनी कारण शोधू नका.

आता तुम्ही स्वतः कोड लिहीत आहात म्हणता, तर कामाची पद्धत सांगतो. सगळ्यांत आधी सुरुवातीच्या स्थितीत प्रत्येक बिंदूवरच्या गाउस ऑपरेटरची सरासरी तर काढाच, पण व्हेरियन्सही (सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) काढा. सरासरी शून्य असून व्हेरियन्स मोठा असेल तर तुम्ही अनेक सेक्टरांत आहात आणि तुमची गोष्ट लोकलायझेशनच्या दिशेनं चालली आहे. व्हेरियन्स शून्य असेल तरच स्कारबद्दल बोलायचं.

मग सममिती पूर्ण काढा. पीएक्सपीच्या ३२ बिंदूंच्या वर्तुळाकार साखळीत ४८,७०,८४७ स्थिती असतात. शून्य संवेग आणि आरशाची सममिती लावली की ७७,४३६ उरतात, आणि एवढा मॅट्रिक्स बऱ्यापैकी मेमरी असलेल्या सर्व्हरवर पूर्ण डायगोनलाइझ होतो. हे दोन आकडे तुमच्या कोडमधून निघाले नाहीत तर पुढे जाऊ नका. लागोपाठच्या ऊर्जा-अंतरांचं सरासरी गुणोत्तर ०.५३ च्या जवळ आलं तर प्रणाली केऑटिक, ०.३९ च्या जवळ असेल तर एखादी सममिती काढायची राहिली आहे किंवा प्रणाली खरोखरच केऑटिक नाही. शून्य ऊर्जेवरच्या डिजनरेट स्थिती या हिशेबातून वगळा, नाहीतर आकडा बिघडतो.

नंतर दोन आलेख: ऊर्जेसमोर प्रत्येक आयगनस्टेटची एन्टँगलमेंट, आणि ऊर्जेसमोर तुमच्या सुरुवातीच्या स्थितीशी ओव्हरलॅप, लॉगरिदमिक अक्षावर. पीएक्सपीमध्ये दुसऱ्या आलेखात मनोऱ्यांची रांग दिसते, आणि कपलिंग १ धरलं तर शून्य आणि π हे दोन्ही संवेग मिळून मध्यावर मनोऱ्यांतलं अंतर सुमारे १.३३ येतं (नुसत्या शून्य संवेगात दुप्पट). पूर्ण पुनरागमनाचा काळ त्यावरून २π भागिले १.३३, म्हणजे ४.७ च्या आसपास. कोड बरोबर आहे की नाही हे कळायला याहून चांगली कसोटी माझ्याकडे नाही.

शेवटी सुरुवातीची स्थिती बदलून पाहा. फक्त एखादंच कुटुंब दोलायमान आणि बाकीच्या स्थिती झटपट समतोलाला, तर स्कार. झाडून सगळ्या स्थिती मंद असतील तर संशय कन्फाइनमेंटवर किंवा हिल्बर्ट अवकाशाच्या तुकडे पडण्यावर घ्या. हे तुकडे पडणं हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. तिथे सममितीनं न दिसणाऱ्या भिंती असतात.

तुम्ही विचारलेला उपप्रश्न, की क्षेत्राला ±१/२ ऐवजी जास्त मूल्यांची मुभा दिली तर स्कार टिकतात का. डेझॉल आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या कामातून उत्तर 'हो' असं येतं, निदान शून्य वस्तुमानाला आणि क्षेत्र टोकाच्या मूल्याला ठेवून केलेल्या सुरुवातीला. यावरून सलग अवकाशातल्या खऱ्या इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये स्कार आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नका. लॅटिसचं अंतर शून्याकडे नेणं ही वेगळी मर्यादा आहे आणि दोन्ही मर्यादा एकमेकींत मिसळतात.

प्रोजेक्टसाठी माझी सूचना: पीएक्सपीमध्ये आधी सगळ्या अणूंवर सारखं डीट्यूनिंग (लेझर आणि अणू यांच्या वारंवारतेतला फरक) लावा, गेजच्या भाषेत ते फर्मिऑनचं वस्तुमान. मग वेगळ्यानं एकाआड एक चिन्ह बदलणारं डीट्यूनिंग लावा. ते थीटा कोन (पार्श्वभूमीचं विद्युत क्षेत्र ठरवणारा पॅरामीटर) π पासून हलवतं, दोन दिशांच्या क्षेत्रांची ऊर्जा वेगळी होते आणि कन्फाइनमेंट येतं. दोन्ही पॅरामीटर शून्यापासून हळूहळू वाढवत एकाच सुरुवातीच्या स्थितीचा ओव्हरलॅप-आलेख काढत जा. मनोऱ्यांची रांग कुठे विस्कटते आणि तरीही दोलनं कुठे चालू राहतात, तो पट्टा नीट तपासा. तिथली मंदगती स्कारची नसणार.